नळीच्या वाटेने कोकणकडा, साधले घाटाने परत

हरिश्चंद्रगडावर मी यापूर्वी तीन वेळा गेले होते आणि तिन्ही वेळा पायथ्याच्या पाचनई गावाहून गेले होते. पाचनईची वाट सोपी आहे. दोन-अडीच तासांत माणूस मंदिराशी पोहोचतो आणि संध्याकाळी कोकणकड्यावर बसून सूर्यास्त पाहतो. अशाच एका संध्याकाळी कड्याच्या काठावर पालथी पडून खाली पाहत असताना उजव्या हाताला, कड्याला लागून असलेल्या डोंगरकुशीत, धोंड्यांनी भरलेली एक अरुंद घळ दिसली. वरून पाहताना ती कोकणाच्या तळापर्यंत सरळ उतरत गेल्यासारखी वाटत होती. शेजारी बसलेल्या पाचनईच्या आजोबांनी सांगितले, "ती नळी. बेलपाड्यावरून तिच्यातून वर येत्यात." त्या क्षणापासून हा गड मी पाहिलेलाच नाही, असे मला वाटू लागले. ज्या कड्यासाठी लोक येथे येतात, त्या कड्याला आम्ही नेहमी मागच्या दाराने भेटत होतो.

या डिसेंबरमध्ये ते दार सोडून समोरून जाण्याचा योग आला. आम्ही सहा जण होतो. त्यांपैकी दोघे प्रस्तरारोहणाचे रीतसर शिक्षण घेतलेले आणि नळीची वाट आधी केलेले होते. उरलेले आम्ही चौघे नियमित डोंगरात जाणारे, पण दोर कमरेला बांधून फारसे न चढलेले. बेलपाडा हे मुरबाड तालुक्यातले, माळशेज घाटाच्या अलीकडे मोरोशीजवळून आत गेल्यावर लागणारे छोटे गाव आहे. रात्री उशिरा तेथे पोहोचलो तेव्हा अंधारात समोर काहीच दिसत नव्हते. फक्त चांदण्या एका विशिष्ट उंचीच्या खाली नव्हत्या. जेथे त्या संपत होत्या, तेथून कडा सुरू होत होता.

पहाटे साडेचारला निघालो. इतक्या लवकर निघण्याचे कारण नीट सांगितले पाहिजे, कारण अनेकांना तो केवळ उत्साह वाटतो. नळी पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य गडाच्या मागे असतो, त्यामुळे दुपारपर्यंत घळीत सावली राहते. दुपारनंतर मात्र ऊन थेट आत शिरते आणि दोन्ही बाजूंचा काळा कातळ तव्यासारखा तापतो. वरच्या भागात पाणी नाही. ज्यांना उशीर होतो ते सर्वांत अवघड टप्प्यावर, सर्वांत दमलेले असताना, सर्वांत कडक उन्हात सापडतात. आम्ही प्रत्येकी चार लिटर पाणी घेतले होते आणि ते मोजूनच प्यायचे, असे ठरले होते.

आमचे वाटाडे बेलपाड्याचेच होते. वय पन्नाशीच्या पुढचे, अंगाने किरकोळ, पायात साध्या रबरी चपला, हातात कोयता. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो आणि ते आम्हा बायकांना ताई म्हणत. कापणी झालेल्या भातखाचरांतून, दवाने ओल्या झालेल्या खुंटांवरून, विजेऱ्यांच्या उजेडात आम्ही त्यांच्या मागे चालत होतो. खाचरे संपली, रान सुरू झाले आणि मग ओढ्याचे पात्र लागले. पुढचे दीड-दोन तास हे पात्र हीच वाट. सुरुवातीला धोंडे टोपलीएवढे, मग बैलगाडीएवढे आणि पुढे पुढे एखाद्या खोलीएवढे. पाय टेकवण्याआधी दगड हलतो का ते पाहायचे, मग वजन द्यायचे, मग पुढचा दगड. चालणे असे याला म्हणताच येत नाही.

साडेसहाच्या सुमारास उजाडले आणि आम्ही सगळे आपोआप थांबलो. समोर संपूर्ण कोकणकडा उभा होता. वरून पाहताना त्याच्या काठापलीकडची फक्त पोकळी दिसते. खालून मात्र त्याचा आकार कळतो. एखाद्या प्रचंड ओंजळीसारखा तो आत वळलेला आहे, इतका की मधल्या भागात वरचा काठ पायथ्याच्या पुढे आलेला दिसतो. लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर आडव्या रेघांनी वेगळे उठून दिसत होते. सह्याद्रीचा हा सारा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडला, हे शाळेत वाचलेले असते; त्या वाक्याचा अर्थ मला पहिल्यांदा तेथे, मान मागे टाकून उभी असताना, पोटात जाणवला. याच कड्यावर पावसाळ्यात, सूर्य पाठीमागे आणि समोरच्या दरीत धुके असताना, पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते. त्याला इंद्रवज्र म्हणतात आणि कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते १८३५ साली येथे पाहिल्याची नोंद आहे. डिसेंबरमध्ये ते दिसण्याची आशा नव्हती, पण कड्याची ती ओंजळ पाहिल्यावर धुके तेथे कसे साठून राहत असेल, हे लक्षात आले.

थरांची ही रचना समजून घेतली की नळीची वाटही समजते. काही थर कठीण आहेत, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून त्यांचा घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारी सुटी माती-खडी, आणि दगडगोटे होतात, त्यामुळे तेथे उतार मिळतो आणि दोन पायांवर चालता येते. कठीण थर सहजी झिजत नाही, तो भिंतीसारखा उभा राहतो. त्यामुळे घळीतून वर जाताना धोंड्यांचा चढ, मग कातळटप्पा, पुन्हा चढ, पुन्हा कातळटप्पा असा क्रम लागतो. जे पाणी पावसाळ्यात येथून धबधब्यासारखे कोसळते, त्यानेच ही घळ कोरली आहे आणि तेच दर वर्षी वरून नवे धोंडे आणून तिच्यात भरते. म्हणून गेल्या वर्षीचा भरवशाचा दगड या वर्षी भरवशाचा असेलच असे नाही.

नळीच्या तोंडाशी मामांनी आम्हाला थांबवले आणि हेल्मेटे चढवायला सांगितली. स्वतः त्यांनी डोक्याला गमछा बांधला. आम्ही आणलेले जादा हेल्मेट त्यांनी आग्रह केल्यावर घातले. मग ते म्हणाले, "आता कुणी कुणाच्या नीट खाली उभं राहायचं नाय. दगड सुटला तर वरच्यानं वरडायचं, लाज धरायची नाय." एवढेच त्यांचे भाषण होते. नळीची वाट करण्याविषयी मी नंतर जे काही वाचले, ऐकले, त्यात यापेक्षा महत्त्वाचे काही सापडले नाही.

पहिला कातळटप्पा साधारण वीस-पंचवीस फुटांचा होता. आमच्यातला अनुभवी सहकारी दोर घेऊन आधी वर गेला, त्याने दोर नीट बांधून घेतला आणि मग एकेकाला कमरेच्या पट्ट्याला अडकवून वर घेतले. कातळात खाचा होत्या, पण माझ्या उंचीच्या माणसाला दोन खाचांमधले अंतर छातीएवढे होते. तीन टेकू पक्के असल्याखेरीज चौथा हात किंवा पाय हलवायचा नाही, हा नियम प्रत्येक वर्गात शिकवतात. तेथे उजवा पाय खाचेत, डावा हात एका कपारीत आणि उजवा हात नुसताच कातळावर फिरत असताना मला कळले की आपण जमिनीवर आयुष्यभर दोनच टेकूंवर किती बेफिकीरपणे जगत असतो. बोटांना शेवटी एक धार सापडली. तिच्यावर वाळलेले शेवाळ होते आणि ते नखांखाली भुग्यासारखे शिरले. वर पोहोचल्यावर सहकाऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि मी एकच घोट घेतला, कारण अजून आठच वाजले होते.

पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामधल्या घसाऱ्यात जे झाले ते मला सविस्तर लिहायचे आहे.

तेथे घळ अरुंद आहे. उतार इतका की उभे राहिले तर पुढची जमीन छातीला लागते. मी क्रमाने तिसरी होते. माझ्या मागे, आठ-दहा फुटांवर, माझी मैत्रीण होती. आम्ही दोघी पंधरा वर्षे एकत्र डोंगरात जातो. उजवीकडच्या कडेला कारवीच्या झुडपाची वाळलेली काठी होती आणि तिच्या शेजारी गवताचा जाड झुबका. कारवीला धरायचे तर अगदी बुंध्याशी धरायचे आणि गवताला मुळीच धरायचे नाही, हे मला पाठ होते. तरीही पाय घसरला तेव्हा हात गवतालाच गेला. गवत मुळासकट निघाले, मी गुडघ्यावर आले आणि माझ्या डाव्या पायाखालचा, नारळाहून थोडा मोठा, एक दगड सुटला.

मी ओरडले. "दगड!" हा शब्द माझ्या तोंडून निघायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मला वाटते, दगडाच्या पहिल्या उडीनंतर तो निघाला. घळीत दगड सरळ खाली जात नाही. एका भिंतीवर आदळून दुसरीकडे उसळतो, त्यामुळे बाजूला होऊन उभ्या असलेल्या माणसालाही पूर्ण अभय नसते. मैत्रिणीने वर पाहिले नाही. ती शिकवल्याप्रमाणे भिंतीला चिकटली, मान खाली घातली, पाठ बाहेर केली. दगड तिच्या पाठपिशवीच्या बाजूच्या कप्प्यावर आदळला, स्टीलच्या बाटलीचा ठणका झाला आणि तो पुढे खाली, आणखी खाली, आवाज करत गेला. बराच वेळ तो ऐकू येत होता. मग मामांनी वरून विचारले, "लागलं का कुणाला?" आणि ती म्हणाली, "नाही. बाटलीला लागलं."

ती पाठमोरी नसती किंवा दगड एक वीत डावीकडे उसळला असता, तर मी हे लिहीत बसले नसते. त्यानंतर वरपर्यंत मी ज्या पद्धतीने चढले ती वेगळी होती. तोपर्यंत माझे सारे लक्ष मला पाय कोठे ठेवता येईल याकडे होते. आता मी प्रत्येक पाऊल उचलल्यानंतर मागे सुटलेल्या दगडाकडे पाहू लागले: तो बसला का, हलतो आहे का, मागून येणारीने त्यावर हात टाकला तर काय होईल. जो दगड सैल वाटला तो मी सांगून ठेवला, किंवा भिंतीच्या कोनात घट्ट बसवून मगच पुढे गेले. त्यामुळे वेग कमी झाला. कुणी घाई केली नाही. मामा तर हे सुरुवातीपासूनच करत होते. त्यांच्या चपलेखालून दिवसभरात एकही दगड सुटला नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

दुसरा टप्पा उंचीने थोडा जास्त, पण खाचा चांगल्या. तिसऱ्या टप्प्यानंतर घळीतून बाहेर पडून कडेने आडवे जावे लागते आणि तेथे ज्याला आपले गिर्यारोहक दृष्टिभय म्हणतात ते खरे लागते. पाऊल मावेल एवढी वाट, एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला थेट बेलपाड्याची खाचरे. तांत्रिकदृष्ट्या हा भाग कातळटप्प्यांपेक्षा सोपा आहे. जमिनीवर अशी वाट आखली तर लहान मूलही धावत जाईल. आमच्यातला एक जण तेथे थबकला. त्याचे पाय थरथरत होते. कुणी त्याला "काही होत नाही" असे म्हटले नाही, याचे मला फार बरे वाटते. दोर लावला, त्याला अडकवले, मामा मागे येऊन त्याच्या आणि दरीच्या मध्ये उभे राहिले आणि तो आपल्या वेळेने पार झाला.

दुपारी दीडनंतर आम्ही माथ्याच्या कारवीत शिरलो आणि दोनच्या सुमारास कोकणकड्यावर आलो. पायथ्यापासून हजार मीटरहून अधिक उंची आम्ही साडेनऊ तासांत चढलो होतो. पाचनईहून आलेली माणसे तेथे फोटो काढत होती, एका झोपडीत लिंबू सरबत मिळत होते. मी काठाशी गेले, पूर्वीसारखीच पालथी पडले आणि नळीकडे पाहिले. ऊन आता तिच्या तळापर्यंत पोहोचले होते. आमच्या मैत्रिणीची जागा कोणती, हे शोधण्याचा प्रयत्न केला, पण वरून ती घळ सगळीकडे सारखीच दिसते. दरीतून वारा वर येत होता आणि त्याच्याबरोबर एक वाळके पान काठाच्या वर तरंगत आले, आमच्या डोक्यांवरून गेले आणि मागे कारवीत पडले.

रात्री पाचनईकरांच्या झोपडीत पिठले-भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला आणि त्यांच्याच अंगणात झोपलो. सकाळी काळोखात तारामतीकडे निघालो. गडाची तारामती, रोहिदास आणि हरिश्चंद्र अशी तीन शिखरे आहेत. त्यांत तारामती सर्वांत उंच, १४२० मीटरच्या थोडी वर. नळीनंतर हा चढ अगदी घरगुती वाटला. माथ्यावर थंडीने दात वाजत होते. उजाडले तसे आग्नेयेला पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी चमकू लागले, दक्षिणेकडे जीवधन आणि नाणेघाटाची बाजू उमटली, उत्तरेला कळसूबाईचे टोक. गडाचा माथा गाठण्याचा हाच तो क्षण, आनंदही झाला. पण खरे सांगायचे तर माझे मन आदल्या दिवशीच्या घळीत होते.

उतरताना हरिश्चंद्रेश्वराचे दर्शन घेतले आणि केदारेश्वराच्या गुहेत गेलो. मोठे शिवलिंग, भोवती कमरेएवढे बर्फासारखे पाणी आणि चार खांबांपैकी उभा राहिलेला एकच खांब. याच गडावर चांगदेवांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ लिहिला. या मंदिराविषयी आणि पुष्करणीविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे, त्यामुळे मी पुढे जाते.

परतीसाठी आम्ही साधले घाट निवडला होता, कारण तो पुन्हा बेलपाड्यालाच उतरतो. नळीने उतरणे आमच्या विचारातही नव्हते. साधले घाट ही कोकण आणि वरचा मुलूख जोडणारी जुनी वाट आहे. मामा तीवर गप्पा मारत चालत होते. त्यांच्या आत्याला पाचनईला दिली होती. ती माहेरपणाला याच घाटाने खाली यायची आणि परत जाताना डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन याच घाटाने वर चढायची. "पाठीला पोर बांधल्यालं असायचं," ते म्हणाले. आम्ही ज्या वाटेसाठी दोर, हेल्मेट आणि महिनाभराची तयारी केली होती, तिच्या शेजारच्या वाटेने त्या बाई सणासुदीला ये-जा करत होत्या. मला त्यांचे नाव विचारायचे होते, पण तेवढ्यात उतार तीव्र झाला आणि बोलणे थांबले.

घाट नळीपेक्षा सोपा असला तरी उतरणीला हलके समजू नये. वर चढताना दम लागतो, पण डोळे वाटेवर असतात. उतरताना दम लागत नाही म्हणून लक्ष सैल होते आणि दमलेले गुडघे पहिल्या घसाऱ्यातच दगा देतात. कोरड्या मुरमावर बारीक खडे गोळ्यांसारखे फिरत होते. जेथे भरवसा वाटला नाही तेथे मी दरीकडे पाठ करून, शिडी उतरावी तशी उतरले. दोन ठिकाणी चक्क बसून घेतले. हातमोजे पाठपिशवीच्या तळाशी राहिले होते आणि त्याची किंमत तळहातांनी मोजली. दुपारी एकला ऊन समोरून अंगावर आले. पाणी प्रत्येकी अर्धा लिटर उरले होते. पदरातल्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरच्या, रानात पोहोचलो तेव्हा ऐनाच्या सावलीत सगळे न बोलता पंधरा मिनिटे आडवे झाले आणि वर कुठेतरी शेकरूचा खडखडाट चालू होता, पण मान वर करून पाहण्याचे त्राण कुणात नव्हते.

ज्यांना ही वाट करायची असेल त्यांनी पावसाळा संपून घळ पूर्ण कोरडी झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतच जावे. सोबत बेलपाड्याचा वाटाड्या आणि दोर हाताळणारा जाणता माणूस हवाच. आणि गट लहान ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. हल्ली सुट्टीच्या दिवशी तीस-चाळीस जण एका रांगेत नळीत शिरतात. जेथे सहा जणांत एक दगड सुटला, तेथे चाळीस जणांत किती सुटतील आणि कितव्या माणसापर्यंत ती आरोळी पोहोचेल, याचा विचार नेणाऱ्यांनी करावा.

चारच्या सुमारास बेलपाड्यात आलो. मामांच्या अंगणात त्यांच्या सूनबाईंनी आधी पाणी दिले आणि मग गुळाचा चहा. मागे वळून पाहिले तर कडा पूर्ण उन्हात होता आणि नळी त्याच्या कुशीत स्पष्ट दिसत होती, अगदी वरच्या आडव्या वाटेपर्यंत. मी मामांना आत्याचे नाव विचारले. ते म्हणाले, "सखू." मैत्रीण हापशावर गेली होती. तिने ती चेपलेली बाटली काठोकाठ भरली, झाकण लावले, उलटी धरली आणि कुठून गळते का ते दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिले. गळत नव्हती. तिने ती माझ्या हातात दिली आणि मी अर्धी एका दमात प्याले.